ऑल-इन-वन अ‍ॅम्प कसा निवडला? आपापले अनुभव लिहा

प्रतापनगरहून
नमस्कार नागपूरकर मंडळी. जुन्या अ‍ॅम्पचा डावा चॅनल येतो-जातो, दुरुस्त करणाऱ्याने हात टेकले, आणि घरी सगळ्यांचं एकच म्हणणं की आता तीन डबे आणि चार रिमोट नकोत. म्हणून अ‍ॅम्प, डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा भाग), स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा भाग) सगळं एकातच असलेला बघून राहिलो. हॉल 11 बाय 13 फूट, बुकशेल्फ स्पीकर, 6 ओहम (विजेला होणारा अडथळा), 87 डीबी (एका वॉटला किती आवाज देतो ते). बजेट पन्नास हजार. ब्रोशर वाचून झाले, तुम्ही घरी आणल्यावर काय झालं ते लिहा, आणि चुकलं असेल तर ते आधी लिहा.

महालहून
भाऊ, माझ्याकडे विम (WiiM) अ‍ॅम्प आहे, 8 ओहमला 60 वॉट, 4 ला 120. घ्यायचं खरं कारण एचडीएमआय एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच बाहेर येतो. टीव्ही लावला की अ‍ॅम्प आपोआप सुरू, आवाज टीव्हीच्याच रिमोटने, त्यामुळे आई सकाळी माझी वाट न बघता भजनं लावते, आणि मला हे आवाजाच्या क्वालिटीइतकंच मोठं वाटतं.
चुकलं ते असं. बाबांचा टर्नटेबल सरळ लाइन-इनला जोडला. नॉब पूर्ण फिरवला तरी डास गुणगुणल्यासारखा आवाज, बेस तर नाहीच. त्यात फोनो स्टेजच नाही! टर्नटेबलच्या सुईच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात, शिवाय रेकॉर्ड कापतानाच बेस कमी आणि ट्रेबल जास्त केलेला असतो, ते दोन्ही परत जागेवर आणायला फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो. तो वेगळा घेतला. रेकॉर्ड ऐकत असाल तर मागचे सॉकेट मोजून घ्या.

मानेवाड्याहून
दादा, आपल्या गावात उन्हाळा आधी बघा. माझा क्लास-एबी (सर्किटचा एक प्रकार, क्लास-डी हा दुसरा) आहे, आवाज इतका गोड की मी तो विकणार नाही, पण आधी काचेच्या शोकेसमध्ये ठेवला होता. मे महिन्यात बाहेर 45, दुपारी तासभर गाणी लावली की प्रोटेक्शनचा लाल दिवा लागून बंद. वरची जाळी हाताला चटका देत होती. शोकेसमधून काढून उघड्या टेबलावर ठेवला, वर वीतभर जागा सोडली, तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही. क्लास-एबी बरीचशी वीज उष्णतेत घालवतो, क्लास-डी त्या मानाने गारच राहतो, म्हणून कोंदट जागा असेल तर क्लास-डीच घ्या.
आणि कूलर! आमचा डेझर्ट कूलर नेमका अ‍ॅम्पच्या समोर होता, दोन सीझनमध्ये स्पीकर वायरची उघडी टोकं हिरवी पडली. टोकं कापून नवीन काढली, बनाना प्लग लावले, कूलर दुसऱ्या खिडकीत नेला.

धंतोलीहून
मुलगा अमेरिकेहून घेऊन आला, तिथे स्वस्त पडला म्हणून. मागे बारीक अक्षरात 120 व्होल्ट लिहिलं होतं, मी वाचलं नाही आणि आपल्या 230 च्या प्लगला लावला. ठप्प आवाज, जळका वास, खेळ संपला. पॉवर सप्लाय बदलायला जो खर्च आला त्यात बरंच काही आलं असतं, वॉरंटी इथे चालतच नाही. बाहेरून आणत असाल तर मागची पट्टी आधी वाचा. जिथे सर्व्हिस आहे तिथूनच घ्या हे मी कळकळीने सांगतो.

सक्करदऱ्याहून
माझं दुखणं वेगळं. अ‍ॅम्प आजही ठणठणीत, पण आतला स्ट्रीमर मेला. पाच-सहा वर्षांत कंपनीने अपडेट बंद केले, मग अ‍ॅपमधून लॉगिनच होईना, फोन करून करून थकलो. अ‍ॅम्प वीस वर्षं चालतो, सॉफ्टवेअर नाही चालत बाप्पा. नशिबाने मागे अ‍ॅनालॉग आणि ऑप्टिकल इनपुट होते, एक छोटा स्ट्रीमर जोडला आणि गाडी रुळावर आली. ज्याला बाहेरून काही जोडताच येत नाही असा डबा घेऊच नका, फुकट मिळाला तरी.

इतवारीहून
वॉटच्या मागे पळू नका पोट्टेहो. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त 3 डीबी. 50 च्या जागी 100 घेतला तर तुमच्या हॉलमध्ये फरक जेमतेम कळेल, पण 87 च्या जागी 90 डीबीचा स्पीकर असला तर तेवढाच फायदा निम्म्या वॉटात होतो. 1978 चा नॅड 3020 हा अ‍ॅम्प कागदावर 20 वॉटचाच होता, लोक आजही तो शोधून राहिले. वॉट नका मोजू, 4 ओहमला तो दमतो का ते पहा, आणि दुकानात आपलेच स्पीकर नेऊन ऐका. दुकानातल्या महागड्या स्पीकरवर कोणताही अ‍ॅम्प छानच वाजतो.

प्रतापनगरहून
सगळ्यांचे मनापासून आभार. टर्नटेबल नाही, पण पुढेमागे घ्यायचा आहे, म्हणजे एक अ‍ॅनालॉग इनपुट तरी हवाच. टीव्हीखाली बंद कपाट आहे म्हणून क्लास-डी ठरवला. शनिवारी दोन्ही स्पीकर चादरीत गुंडाळून ऑटोने सीताबर्डीला नेतो. मानेवाड्याच्या ताई, कपाटाची मागची फळी कापून काढली तर चालेल का, की पंखाच लावावा लागेल?