अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाला संशोधनासाठी ऑनलाइन नियतकालिके कशी मिळवावीत?

प्रश्न : इतिहास_अध्यापक

मी तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवतो. याच वर्षी राज्य विद्यापीठाकडे पीएच.डी.साठी नोंदणी झाली असून, सोलापूरच्या कापडगिरण्यांतील कामगारांची वस्ती आणि त्यांच्या संघटना हा माझा विषय आहे. आमच्या महाविद्यालयात ग्रंथपालाचे पद रिक्त आहे आणि लिपिक महोदय पुस्तकांच्या देवघेवीपलीकडे फारसे काही सांगू शकत नाहीत. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सर्वांना सर्व काही मोफत मिळू लागले आहे, असे मी ऐकले होते. प्रत्यक्षात घरून एखादा लेख उघडायला गेलो, की प्रकाशकाचे संकेतस्थळ पैसे मागते. माझ्यासारख्याने नेमके कोणाकडे जावे? मराठी साधने शोधण्याची काही वेगळी पद्धत आहे का, हेही कृपया सांगावे.

उत्तर १ : ग्रंथपाल_पश्चिम_महाराष्ट्र

सर, आपण एकाच वेळी अध्यापक आणि विद्यार्थी आहात. आपल्या अडचणीचा मार्ग त्यातूनच निघतो.

ज्या योजनेबद्दल आपण ऐकले, तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद करून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तिच्यात आणली आहेत. मात्र ती योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्चशिक्षण संस्था व केंद्र सरकारच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे. खासगी व्यवस्थापनाच्या महाविद्यालयाला शासनाकडून वेतन अनुदान मिळते, एवढ्यावरून ते या यादीत असेलच, असे धरून चालू नका. आपले विद्यापीठ मात्र राज्य विद्यापीठ आहे आणि आपण तेथील नोंदणीकृत संशोधक आहात. त्यामुळे विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन पीएच.डी. नोंदणीचे पत्र आणि ओळखपत्र दाखवा, संशोधक म्हणून खाते मागा आणि ‘परिसराबाहेरून वापरासाठी इन्फेडचे लॉगिन हवे आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगा. इन्फेड म्हणजे संस्थेच्या नावाने घरूनही प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर प्रवेश देणारी लॉगिन व्यवस्था. नुसते ‘ऑनलाइन जर्नल्स हवीत’ म्हटले, तर पुष्कळदा वाचनकक्षातला संगणक दाखवला जातो. तो विद्यापीठाच्या नेटवर्कवर असतो, म्हणून तेथे लेख उघडतात, आणि घरी आल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इन्फेडचे खाते मिळाल्यावर प्रकाशकाच्या पानावर ‘संस्थेमार्फत लॉगिन’ हा पर्याय घ्यायचा, यादीतून विद्यापीठाचे नाव निवडायचे आणि तोच पासवर्ड टाकायचा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, सेज, टेलर अँड फ्रान्सिस हे प्रकाशक योजनेत असल्याने सामाजिक इतिहासाची बरीचशी नियतकालिके आपल्याला मिळतील.

अध्यापक म्हणून आपला हक्क वेगळा आहे आणि तो महाविद्यालयाकडून येतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालये जोडणाऱ्या केंद्राची ‘एन-लिस्ट’ ही ऑनलाइन नियतकालिके व पुस्तके पुरवणारी सुविधा खास महाविद्यालयांसाठीच आहे. वार्षिक सदस्यत्व महाविद्यालयाचे असते, पण लॉगिन प्रत्येक अध्यापकाच्या नावाने मिळते आणि ते महाविद्यालयाने नेमलेला समन्वयकच तयार करू शकतो. हे काम बहुतेक ठिकाणी ग्रंथपालाकडे असते. पद रिक्त झाले, की समन्वयकाचा पासवर्ड जुन्या ईमेलवर अडकून राहतो, सदस्यत्वाचे नूतनीकरण राहून जाते आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही. यासाठी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि समन्वयक म्हणून एखाद्या अध्यापकाचे नाव सुचवा. आपणच ती जबाबदारी घेतलीत, तर काम लवकर होईल, हे मी अनुभवाने सांगते.

महाविद्यालय किंवा विद्यापीठ दिल्लीच्या ‘डेलनेट’ या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सदस्य असेल, तर दुसऱ्या ग्रंथालयातील पुस्तक आपल्या ग्रंथालयामार्फत मागवता येते. ही सोय अनेक वर्षांपासून आहे, पण आमच्याकडे येणारे प्राध्यापक तिचा लाभ फारच कमी घेतात.

उत्तर २ : प्रबंध_मार्गदर्शक

ग्रंथपाल मॅडमनी नियतकालिकांचे सविस्तर सांगितलेच आहे, म्हणून मी मराठी साधनांकडे वळतो.

‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात नुसता मराठी शब्द टाकून थांबू नये. मराठीत लिहिलेल्या प्रबंधांची शीर्षके काही विद्यापीठांनी देवनागरीत नोंदवली आहेत, काहींनी रोमन लिपीत, तर काहींनी इंग्रजी भाषांतर करून. रोमन लिपीतही सोलापूर हे नाव जुन्या इंग्रजी वर्तनीत एक आणि आजच्या वर्तनीत दुसरे, म्हणून दोन्ही वापरून पाहावे लागते. मी विद्यार्थ्यांना आधी विद्यापीठ, मग विभाग निवडून यादी नजरेखालून घालायला सांगतो. वेळ जातो, परंतु शोधखिडकीने गाळलेले प्रबंध असेच सापडतात. एका प्रबंधाच्या अनेक फाइली असतात: शीर्षकपान, प्रमाणपत्र, मग एकेक प्रकरण आणि शेवटी ‘८०’ या आकड्याने सुरू होणारी शिफारशींची फाइल. घाई असेल तर निष्कर्ष आणि संदर्भसूची या दोनच फाइली आधी उतरवून घ्याव्यात. इतरांनी कोणते दप्तर पाहिले आहे, हे संदर्भसूचीतून कळते, आणि आपल्या विषयात प्रकरणांपेक्षा मला तीच अधिक मोलाची वाटते.

पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयाने आपल्याकडील जुनी पुस्तके आणि अहवाल मोठ्या प्रमाणावर अंकीकृत केले आहेत. गिरणी कामगारांवर काम करणाऱ्याने तो संग्रह पाहिलाच पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाचे जिल्हा गॅझेटियरही ऑनलाइन वाचता येतात. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ साली सुरू झाली, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांसाठी मुंबई इलाख्याच्या काळातील जुने गॅझेटियर आधी उघडावे.

उत्तर ३ : वाणिज्य_विभाग

वरील दोन्ही उत्तरांत एक भर घालतो. विद्यापीठाचे खाते हातात येईपर्यंत अडून राहू नका. ‘जेस्टोर’ या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत वैयक्तिक खाते काढले, तर दरमहा शंभर लेख पडद्यावर वाचता येतात, फक्त ते उतरवून घेता येत नाहीत. ‘अनपेवॉल’ ब्राउझरमध्ये बसवले, की लेखाची कायदेशीर मोफत प्रत कोठे उपलब्ध आहे, हे त्याच पानावर दिसते. संदर्भ नोंदवून त्यांची सूची तयार करणारी ‘झोटेरो’ ही संगणकप्रणाली आजपासूनच वापरा, प्रबंध लिहायला बसल्यावर नव्हे.

प्रश्नकर्ता : इतिहास_अध्यापक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नोंदणीचे पत्र घेऊन विद्यापीठात जातोच. दोन शंका उरल्या आहेत. झोटेरोमध्ये मराठी नोंदी नीट बसतात का? आणि मराठी प्रबंधाची वाङ्मयचौर्य तपासणी कशी होते?

उत्तर ४ : ग्रंथपाल_पश्चिम_महाराष्ट्र

नोंदी व्यवस्थित बसतात. मात्र मराठी आणि इंग्रजी संदर्भ एकाच सूचीत आले, की वर्णानुक्रमाने इंग्रजी आधी आणि मराठी नंतर लागतात. आपल्या विद्यापीठाला दोन स्वतंत्र सूची हव्या असतील, तर पहिल्यापासून मराठी आणि इंग्रजी असे दोन संग्रह करा आणि शेवटी प्रत्येक संग्रहावरून वेगळी सूची काढा. मोफत खात्यात तीनशे एमबी जागा मिळते. स्कॅन केलेल्या गॅझेटियरच्या चार-दोन फाइलींत ती भरून जाईल, म्हणून मोठ्या फाइली आपल्या संगणकावरच ठेवा.

तपासणी ‘शोधशुद्धी’ या सुविधेमार्फत विद्यापीठ करते. २०१८च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते आणि त्यासाठी दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळले, तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश मोजणीतून वगळायचे असतात. अहवाल हातात आल्यावर हे भाग खरोखर वगळले आहेत की नाही, ते स्वतः तपासा, कारण वगळण्याचे पर्याय तपासणाऱ्याला निवडावे लागतात आणि घाईत ते राहून जातात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रबंध पहिल्या पानापासून युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला देवनागरी म्हणूनच वाचता येणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतात, टंकलिखित करून घ्या. बाहेर टंकलेखनाला दिलात आणि तेथे जुना फाँट वापरला गेला, तर पडद्यावर मराठी दिसते, परंतु यंत्राला त्यात निरर्थक रोमन अक्षरेच दिसतात. अशा फाइलीचा अहवाल शून्य टक्के आला, तरी त्याला काहीच अर्थ नसतो. टंकलेखकाने दिलेल्या फाइलीतील एक वाक्य उचलून गूगलच्या शोधखिडकीत चिकटवून पाहा. तेथे मराठी उमटले नाही, तर पैसे देण्याआधीच फाइल परत करा.