मदत हवी आहे: प्रवासात तेल, शाम्पू नेण्यासाठी पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्या कोणत्या घ्याव्यात?

नमस्कार. मी मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात राहते. गेली दोन वर्षे दर दीड-दोन महिन्यांनी कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसने दादरला आईकडे जाणे होते, आणि येत्या नोव्हेंबरात यजमानांबरोबर मुलाकडे जर्मनीला जायचे ठरले आहे. खोबरेल, शाम्पू, अंगाला लावायचे लोशन, द्रवसाबण आणि यजमानांचे दाढीनंतरचे लोशन एवढे पाच जिन्नस या प्रत्येक प्रवासात बरोबर असतातच. आजवर मी शाम्पूच्या पुड्या आणि दुकानात मिळणाऱ्या चिमुकल्या बाटल्या यांवर भागवले. परंतु रिकाम्या पुड्या टाकायच्या कुठे हा प्रश्न आमच्यासारख्या वाडीवर कायमच असतो, आणि पावसाळ्यात समुद्र किनाऱ्यावर जे काही आणून टाकतो त्यात या पुड्या पाहिल्या की आपल्याच घरातल्या परत आल्या की काय असे वाटते. म्हणून यंदा एकदाच चांगल्या बाटल्या घ्याव्यात आणि त्याच पुन्हा पुन्हा भराव्यात, असे ठरवले. ठरवल्याप्रमाणे झाले नाही, म्हणून हा धागा.

जूनमध्ये मी एक तयार संच मागवला. त्यात मऊ सिलिकॉनच्या चार बाटल्या आणि कडक, काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची एक लहान बाटली व दोन डब्या होत्या. भरण्यापूर्वी सावधगिरी म्हणून सगळ्या बाटल्यांत पाणी भरून त्या रात्रभर वर्तमानपत्रावर उपड्या ठेवल्या. सकाळी कागद कोरडा होता, म्हणून निश्चिंत झाले. त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत पनवेल गेल्यावर पिशवी उघडली, तर खोबरेलाची बाटली बाहेरून पूर्ण ओशट झालेली आणि तिच्याखालच्या इरकलीच्या घडीवर हाताएवढा डाग पडलेला. नवल म्हणजे झाकण घट्ट होते आणि बाटली कुठे चिरलेलीही नव्हती.

पुढच्या दोन महिन्यांत आणखी तीन गोष्टी लक्षात आल्या. शाम्पूच्या सिलिकॉन बाटलीत मध्ये एकदा तेल भरले होते. ती तीन वेळा धुऊनही तिचा वास गेला नाही. यजमानांचे लोशन ज्या कडक बाटलीत भरले होते, तिच्या मानेपाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या. तिसरी गोष्ट आपल्याकडच्या हवेची आहे. जुलैत धुऊन उपड्या ठेवलेल्या बाटल्यांत पाचव्या दिवशीही आत थेंब दिसत होते आणि एका झाकणाच्या आट्यांत काळे ठिपके आले होते. देशावरच्या माणसाला हे सांगितले तर तो म्हणेल, बाटली उन्हात ठेवा. जुलैत ऊन कुठून आणायचे?

विमानाची अडचण निराळी आहे. २००६ साली विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आल्यानंतर हातातल्या सामानातील द्रवपदार्थांवर मर्यादा आली आणि १०० मिलीपर्यंतच्या बाटल्या, त्या सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, हा आंतरराष्ट्रीय प्रवासातला नेहमीचा नियम झाला. त्यात बाटलीत किती द्रव आहे हे धरत नाहीत, तर बाटली केवढी आहे हे धरतात. म्हणजे २०० मिलीच्या बाटलीत तळाशी दोन चमचे तेल असले, तरी ती बाटली जात नाही. माझ्या संचातल्या बाटल्यांवर क्षमता कुठेच छापलेली नाही, त्यामुळे ऐन तपासणीत वाद घालावा लागेल अशी धास्ती वाटते.

यजमानांचा उपाय असा की खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या वापराव्यात: त्या १०० मिलीच्या असतात, फिरकीचे झाकण घट्ट बसते आणि पैसेही पडत नाहीत. व्यवहार म्हणून हे मला पटते. परंतु माझी आई एकोणऐंशी वर्षांची आहे, तिला रात्री चष्म्याशिवाय औषध घेण्याची सवय आहे, आणि तिच्या मोरीत औषधाच्या बाटलीत द्रवसाबण ठेवायला माझा हात धजत नाही.

तेव्हा जाणकारांनी कृपया एवढे सांगावे: कोणत्या जिन्नसासाठी कोणत्या जातीची बाटली घ्यावी आणि ती दुकानात ओळखावी कशी, पाण्याने न गळणारी बाटली तेलाने का गळते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात या बाटल्या आतून कोरड्या करण्याची कुणाची काही रीत आहे का. संचच घ्यावा असा माझा आग्रह नाही. सुट्या बाटल्या जमवायलाही तयार आहे.

प्रतिसाद, लोटे-परशुरामहून

ताई, माझी बरीच वर्षे प्लास्टिकच्या साच्यांच्या कामात गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बाटली घेताना आधी ती उलटी करून बुडाकडे पाहावे. तिथे बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. १ म्हणजे पेट (पाण्याच्या विकतच्या बाटल्यांचे पारदर्शक प्लास्टिक), २ म्हणजे दाट पॉलिथिन, ४ म्हणजे मऊ पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. आकडाच नसेल तर ती बाटली तेलासाठी किंवा अल्कोहोल असलेल्या कशासाठीही घेऊ नये, असे माझे मत आहे.

खोबरेलासाठी १ किंवा २ घ्यावे. मऊ पॉलिथिनची बाटली दाबायला सोयीची असते, पण तेल हळूहळू तिच्यात मुरते आणि काही महिन्यांनी ती बाहेरून चिकट लागू लागते. सिलिकॉनही तेल आणि वास शोषून घेते, त्यामुळे तुमच्या शाम्पूला आलेला वास धुऊन जाणारा नाही. ती बाटली आता तेलालाच ठेवावी किंवा सोडून द्यावी. केस मऊ करणाऱ्या कित्येक शाम्पूंत आणि कंडिशनरांत सिलिकॉनचेच तेल असते, ज्याचे नाव वेष्टनावर बहुधा डायमेथिकोन असे दिलेले असते. असा जिन्नस सिलिकॉनच्या बाटलीत फार दिवस राहिला तर बाटलीची भिंत फुगते आणि झाकण नीट बसेनासे होते. दुकानदार या बाटल्या 'सगळ्याला चालतात' म्हणून विकतात. दोन-चार दिवसांच्या प्रवासाला चालतातही, परंतु भरून ठेवण्याची ती वस्तू नव्हे.

तुमच्या कडक बाटलीच्या भेगा अल्कोहोलमुळे पडल्या असाव्यात. काचेसारखे चकचकीत दिसणारे स्वस्त प्लास्टिक पुष्कळदा पॉलिस्टायरीन किंवा अॅक्रिलिक असते आणि जिथे त्यावर ताण असतो, म्हणजे आट्यांपाशी व मानेपाशी, तिथे अल्कोहोलने ते तडकते. दाढीनंतरच्या लोशनला २ किंवा ५ क्रमांकाची बाटली घ्यावी.

आता गळतीविषयी. पाण्याचा पृष्ठताण अधिक असल्यामुळे ते आट्यांतल्या बारीक फटीत थेंब होऊन अडते. तेल आणि साबणाचे पाणी मात्र पृष्ठभागावर पसरत पसरत त्याच फटीतून बाहेर येतात. म्हणून चाचणी घ्यायचीच तर ज्या जिन्नसासाठी बाटली आहे त्यानेच घ्यावी. बाटलीपेक्षाही झाकणाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण गळतीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते. झाकणाच्या आत मऊ चकती किंवा तोंडात घट्ट जाणारे बूच असावे. नुसत्या फिरकीवर विसंबू नये. दाबून काढायचा पंप आणि मध्ये चीर असलेला पडदा या दोन्ही गोष्टी मोरीच्या फळीवर ठीक आहेत, पिशवीत नकोत. तुमच्या सिलिकॉनच्या बाटलीला तसा पडदा असणार आणि वर कपड्यांचे वजन आले की तेल तिथूनच येते, असा माझा अंदाज आहे.

विमानात हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो, साधारण २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा. आंबोली घाट चढताना वेफर्सचे पाकीट फुगलेले आपण पाहतोच, तसेच बाटलीतल्या हवेचे होते. मऊ बाटली असेल तर दाबून आतली हवा काढावी आणि मगच झाकण लावावे; कडक बाटली असेल तर ती पिशवीत उभी ठेवावी, म्हणजे बाहेर पडलीच तर हवा पडेल, तेल नाही.

पेटच्या बाटल्या कढत पाण्याने धुऊ नयेत, त्या साधारण ७० अंशांच्या पुढे मऊ पडून आकसतात. ५ क्रमांकाच्या बाटलीला कढत पाणी चालते.

प्रतिसाद, दापोलीहून

कुडाळहून गाडी धरणाऱ्या ताईंना नमस्कार. वरच्या दादांनी प्लास्टिकचे सगळे सांगितले आहे, मी फक्त तेलाचे सांगते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने ते पातळच असते, त्यामुळे आपल्याला निमुळत्या तोंडाची बाटली सोयीची वाटते. जर्मनीत नोव्हेंबरात ते दगड होईल आणि मग तुम्ही ती बाटली गरम पाण्यात धरून बसाल. मी बहिणीकडे थंडीत गेले होते तेव्हा हेच केले आहे, रोज सकाळी दहा मिनिटे. रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची ५० मिलीची डबी घ्यावी आणि बोटाने तेल काढावे. तपासणीत मलम, क्रीम, पेस्ट हेही द्रवच धरतात, म्हणून थिजलेले तेलही त्याच पारदर्शक पिशवीत टाकावे.

शिवाय पाच जिन्नस द्रवच असले पाहिजेत का, याचाही विचार करावा. द्रवसाबणाऐवजी साबणाची वडी कागदात गुंडाळून नेली तर एक बाटली वाचते. टाचांच्या भेगांसाठी मी कोकमाचे मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, नेते. ते घट्ट असते आणि त्याला बाटली लागतच नाही. मात्र उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते विसरू नये.

औषधाच्या बाटलीबद्दल तुमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. यजमानांचे ऐकू नका.

प्रतिसाद, गुहागरहून

वाळवण्याची आमच्या घरातली रीत लिहितो. बाटली धुतल्यावर जोराने झटकावी आणि जुन्या धुवट धोतराची लांब पट्टी तळाला टेकेल अशी आत सोडून तिचे दुसरे टोक बाहेर लोंबत ठेवावे. कापड आतले पाणी ओढून घेते आणि बाहेरच्या टोकाकडून ते उडते. पंख्याखाली ठेवल्यास एका रात्रीत फरक दिसतो. पट्टी दुसऱ्या दिवशी बदलावी. नुसती उपडी ठेवलेली बाटली पावसाळ्यात वाळत नाही, कारण तिचे तोंडच बंद झालेले असते. झाकणे वेगळी काढून, त्यांतली चकती टाचणीने उचकटून बाजूला ठेवावी, काळी बुरशी तिच्याखालीच धरते.

आणखी एक विनंती अशी की तळाशी उरलेल्या शाम्पूवर नवा शाम्पू ओतू नये आणि तो पुरवण्यासाठी पाणी तर मुळीच घालू नये. शाम्पू टिकवणारी द्रव्ये ठरावीक प्रमाणात घातलेली असतात; पाणी घातले की ती विरळ होतात आणि आपल्या दमट हवेत जंतूंना आयते घर मिळते. बाटली संपवावी, धुवावी, वाळवावी आणि मग भरावी.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल बाजारात जाऊन सगळ्या बाटल्या उलट्या करकरून पाहिल्या. दुकानदाराने शेवटी मला स्टूल आणून दिले. २ क्रमांकाच्या, १०० मिली छापलेल्या दोन बाटल्या आणि ५ क्रमांकाच्या रुंद तोंडाच्या दोन डब्या मिळाल्या. द्रवसाबण यादीतून काढला आहे. दोन्ही बाटल्या तेल भरून रात्रभर वर्तमानपत्रावर आडव्या ठेवल्या होत्या: एक कोरडी निघाली, दुसरीच्या झाकणाखाली पैशाएवढा डाग पडला. दोन्ही एकाच दुकानातल्या, एकाच आकाराच्या. फरक इतकाच की गळणाऱ्या बाटलीच्या झाकणात चकती नव्हती. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवावा असे यजमान सुचवत आहेत. लोट्याच्या दादांनी एवढे सांगावे की तेलाने हे रबर फुगेल का, आणि फुगत असेल तर त्याऐवजी कशाची चकती कापून घालावी.