मदत हवी आहे: पाच महिन्यांच्या बाळासाठी प्रवासात नेता येईल असा ऑक्सिजन

नमस्कार. माझी लेक 28व्या आठवड्यात जन्मली. आता पाच महिन्यांची आहे, पण फुप्फुसं अजून कमजोर आहेत म्हणून नाकातल्या बारीक नळीने मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन चालू असतो. घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, विजेवरचं मशीन) आहे, मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारा. वीज गेली की मोठा सिलिंडर जोडतो, आणि चिपळुणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते इथल्यांना सांगायला नको.

अडचण प्रवासाची आहे. तपासणीला पुण्याला जायचं, कुंभार्ली घाटातून पाच-सहा तास. दुकानदाराने बॅटरीवरचं छोटं मशीन दाखवलं, पण ते श्वास घेतला की तेवढ्यापुरताच ऑक्सिजन सोडतं. इतक्या लहान बाळाचा श्वास हलका आणि भरभर, तो मशीनला कळेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांनी अखंड प्रवाहच हवा असं बजावलंय. बरं झालं आधी विचारलं.

म्हणून पावणेदोन लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर बघतेय. 150 बार दाबाने भरला तर त्यात साधारण 250 लिटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे आमच्या प्रवाहाला हिशेबाने सोळा तास. पण साध्या फ्लोमीटरवर (मिनिटाला किती ऑक्सिजन सोडायचा ते लावायचं उपकरण) पाव लिटर नीट लावताच येत नाही!

लहान बाळांचा, एक लिटरच्या आतल्या खुणा असलेला फ्लोमीटर पुण्यात किंवा कोल्हापुरात कुठे मिळेल? सिलिंडर भाड्याने मिळतो का? गाडीत तो कसा बांधता? आणि गालावरची चिकटपट्टी काढताना कातडी सोलवटते, त्यावर काय करता? पुढच्या सोमवारी निघायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.