'नाशिकचं म्हणजे असंच' : हे वाक्य कुठे अडतं?

"नाशिकचे कांदेवाले साठेबाज", "द्राक्षं औषधात बुडवलेली", "नाशिकला काय, पाणीच पाणी". बाहेरचे असं बोलतात, आणि आपणही मालेगाव-येवल्याबद्दल तितक्याच सहज बोलतो. रोजचा संबंध आला की यातलं कोणतं वाक्य नेमकं कुठे अडतं, ते लिहा. स्वतःची कहाणी नको. दुसऱ्याला पडताळून बघता येईल असं हवं.

चाळकरी

साठेबाज म्हणण्याआधी कांदा कोणता ते विचारा. नोव्हेंबर-डिसेंबरला लासलगावच्या बाजारात येतो तो लाल. पाणी जास्त, मान जाड. तीन-चार आठवड्यांत कोंब नाहीतर सड. भाव पडलेला असला तरी ट्रॉली न्यावीच लागते, अडवणार काय? टिकतो तो मार्च-एप्रिलात निघणारा उन्हाळ, आणि तोही आपोआप नाही. लागवडीनंतर 60 दिवसांनी युरिया बंद, काढणीच्या 15-20 दिवस आधी पाणी बंद. उपटल्यावर एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा 3-4 दिवस शेतात पसरायचा. मग इंच-दीड इंच मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचा. डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) आणि जोड कांदे बाजूला. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, रुंदी 4 फूट, थर 4-5 फुटांच्या वर नको, खालून दीड-दोन फूट हवा खेळती. एवढं करूनही चार-पाच महिन्यांत चौथा हिस्सा घटीत जातो, पावसाळा दमट गेला तर 40 टक्क्यांपर्यंत. जुलै-ऑगस्टात चाळ फोडणारा पुष्कळदा भाव बघून नाही, वास आल्यावर फोडतो.

लिलावाच्या बाजूने

वरचं मान्य, पण ठोकताळ्याशिवाय लिलाव चालत नाही. एका ट्रॉलीपुढे धड मिनिटही मिळत नाही. "अमुक गावचा माल टिकतो" हे डोक्यात असतंच, आणि त्यामागे जमीन असते : हलक्या-मध्यम रानाचा कांदा घट्ट, भारी काळ्या रानाचा सैल. फसगत होते ती गाव फार ओळखीचं झाल्यावर. नाव ऐकूनच बोली जाते, मूठभर कांदे उचलून मान दाबून बघायचं राहतं. एकाच गावात माळाचं रानही असतं आणि नदीकाठचंही. एकाच शेतकऱ्याच्या दोन वावरांत फरक निघतो. वरचा थर सगळेच चांगला लावतात, ट्रॉलीचा फाळका उघडून मधला माल बघा. नाहीतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर ओतल्यावर वांधा ठरलेला.

छाटणी ऑक्टोबरची

द्राक्षं बुडवतात, हे खरंच आहे! मणी 3-4 मिमी आणि पुन्हा 6-7 मिमी असताना घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) द्रावणात बुडवतात, साधारण 40 आणि 30 पीपीएम. थॉमसन जातीला बी नाही. बियांमधून मिळणारं संजीवक मण्याला मिळत नाही, म्हणून बाहेरून द्यावं लागतं, नाहीतर मणी बारीक राहतो. पण हे काढणीच्या दोनेक महिने आधी. गिऱ्हाईक ज्याला औषध समजून घासतं तो पांढुरका थर द्राक्षाचं स्वतःचं मेण. मेण सगळ्या मण्यावर सारखं असतं, अंगठा फिरवला की जातं. फवारणीचा डाग थेंबाच्या आकाराचा, कडेला ठळक, आणि बहुधा मण्याच्या खालच्या टोकाला, कारण थेंब तिथेच लटकून वाळतो. डाग नाही म्हणजे औषधाचा अंशही नाही, असं मात्र समजू नका. ते प्रयोगशाळेतच कळतं.

जाता जाता : "नाशिकची द्राक्षं म्हणजे वाइन" हेही अडतं, सगळी द्राक्षं वाइनला जात नाहीत. खायचं द्राक्ष 16-18 ब्रिक्सला (गोडीचं माप) तुटतं, वाइनचं 22-24 ला, आणि ते बारीक, जाड सालीचं, बियांचं.

पावसाची वही

इगतपुरीला वर्षाला 3000 मिमीच्या आसपास, येवला-नांदगावकडे 500 च्या. जिल्हा एकच. तरी गंमत बघा, त्याच इगतपुरी-त्र्यंबकच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. खाली काळा कातळ, वर वीतभर माती, उतार तीव्र. पाणी मुरत नाही, खालच्या धरणांकडे निघून जातं. थंडीचंही तसंच. बातमीतला निफाडचा पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला, मोकळ्या शेतातला. तो नाशिक शहरातल्या कॉलेज रोडला लावू नका. अशा थंड पहाटे द्राक्ष बागायतदार ठिबक सोडतात आणि बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून.

मागावरून

"पैठणी येवल्यात घेतली म्हणजे हातमागाची" हेही अर्धवट. येवल्यातही सेमी, म्हणजे यंत्रमागावरची, मिळते. पदर उलटा करा. हातमागावर प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, धागे एकमेकांत अडकवून विणलेले. मोर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसले तर भाव त्या हिशेबाने बोला.

सटाण्याकडून

मालेगाव म्हणजे यंत्रमाग, हे शहरापुरतं. तालुक्यात डाळिंब आणि कांदा. आणि "नाशिकची भाषा" म्हणताना आमची अहिराणी विसरू नका. सुरगाणा-पेठला तिसरीच बोली.

रामकुंड

2027 च्या सिंहस्थासाठी पाहुणे आत्तापासून विचारतात, "नाशिकला खोली मिळेल का?" आधी त्यांना विचारा, स्नान कोणाचं बघायचं? वैष्णव आखाडे रामकुंडावर, शैव त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर. मधलं अंतर 28-30 किमी, आणि पर्वणीच्या दिवशी खासगी गाड्यांना रस्ता बंद.