ग्नूकॅशमधील घरगुती हिशेबाचा भरवशाचा बॅकअप कसा ठेवावा?

प्रश्न : त्रिमूर्तीनगरकर

नमस्कार. एप्रिल २०१३ पासून मी आमच्या घराचा संपूर्ण जमाखर्च ग्नूकॅश या हिशेब ठेवण्याच्या संगणकीय प्रोग्रॅममध्ये लिहीत आहे. आईचे निवृत्तिवेतन, मुदत ठेवी, पीपीएफ, समभाग, म्युच्युअल फंड आणि नागपुरातील घराच्या बांधकामाचा वर्षवार खर्च, असे सगळे त्या एकाच फाइलमध्ये आहे. काही समभाग ३१ जानेवारी २०१८ पूर्वी घेतलेले असल्यामुळे ते विकताना कर काढण्यासाठी मूळ खरेदीची किंमत आणि त्या तारखेचा भाव हे दोन्ही लागतील. उद्या घर विकायचे ठरले, तर निर्देशांकासह (म्हणजे महागाईनुसार जुना खर्च वाढवून धरून) २० टक्के कर सोयीचा की निर्देशांकाशिवाय १२.५ टक्के, हे ठरवायलाही बांधकामाचे जुने आकडेच उपयोगी पडणार आहेत.

मे महिन्यातील एका दुपारी वीज गेली आणि संगणक बंद पडला. तो परत सुरू केल्यावर फाइलवर कुलूप मिळत नसल्याचा संदेश ग्नूकॅशने दाखवला. मी घाबरून फोल्डर उघडले, तेव्हा मूळ फाइलच्या शेजारी लांबलचक तारखा जोडलेल्या कितीतरी फाइली दिसल्या. त्यांपैकी एक उघडली, तिच्यात सर्व नोंदी होत्या आणि काम सुरू राहिले. हे फोल्डर गूगल ड्राइव्हद्वारे घरच्या संगणकावर आणि लॅपटॉपवर आपोआप सारखे राहते. माझा प्रश्न असा आहे की, या तारखांच्या फाइली आणि ड्राइव्ह एवढ्यावर विसंबून राहणे योग्य आहे का? नसेल, तर संगणकाचे विशेष ज्ञान नसलेल्या माणसाला झेपेल अशी पद्धत कृपया सुचवावी.

उत्तर १ : जमेची बाजू

प्रथम कुलपाविषयी. ग्नूकॅश फाइल उघडताना तिच्या शेजारी एलसीके या विस्ताराची एक छोटी फाइल तयार करते आणि नीट बंद होताना ती पुसते. वीज गेल्यामुळे ती तशीच राहिली, एवढाच त्या संदेशाचा अर्थ होता. फाइल दुसरीकडे कुठेही उघडी नाही याची खात्री करून ‘तरीही उघडा’ हा पर्याय निवडला असता, तर मूळ फाइल बहुधा व्यवस्थित उघडली असती.

तारखेच्या प्रती ही ग्नूकॅशची चांगली सोय आहे. आपण जतन करतो तेव्हा आधीची स्थिती तारीख आणि वेळ घातलेल्या नावाने शेजारी ठेवली जाते. शेजारच्याच लॉग फाइलमध्ये त्या वेळी केलेल्या नोंदी राहतात आणि गरज पडल्यास त्या आयात मेनूतून पुन्हा चालवता येतात. मात्र आपण काही बदल केला नसेल, तर या फाइली ३० दिवसच ठेवल्या जातात. ही मुदत प्राधान्यक्रमांमध्ये (प्रेफरन्सेस) वाढवता येते, पण बहुतेकांनी ते पान कधी उघडलेलेच नसते. गूगल ड्राइव्हही अशा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या, ‘कायम ठेवा’ असे मुद्दाम सांगितले नसेल तर, ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर काढून टाकू शकते. समजा, फेब्रुवारीत एखादे खाते चुकून पुसले गेले आणि जुलैमध्ये विवरणपत्र भरताना ते लक्षात आले, तर दोन्हीकडे जे उरले असेल ते सर्व चुकीनंतरचेच असेल. हिशेबातील चूक हार्ड डिस्कसारखी आवाज करून बिघडत नाही, ती महिनोन्‌महिने दडून राहते. त्यामुळे हिशेबाच्या बॅकअपमध्ये प्रतींच्या संख्येपेक्षा त्यांचे वय मला अधिक महत्त्वाचे वाटते.

ड्राइव्ह दोन यंत्रांना सारखे ठेवते. म्हणजे एका ठिकाणी पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते. शिवाय कुलपाची फाइल दुसऱ्या यंत्रावर पोहोचण्यापूर्वी तिथे हिशेब उघडला, तर दोन वेगळ्या फाइली तयार होण्याचा धोका आहेच.

मी पाळतो ती पद्धत सांगतो. दर महिन्याला बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ झाला की ग्नूकॅश पूर्ण बंद करायचे आणि फाइल व्यवस्थापकातून फाइलची प्रत करून तिला वर्ष आणि महिन्याचे नाव द्यायचे. ही प्रत ‘या नावाने जतन करा’ वापरून करू नये, कारण त्यानंतर ग्नूकॅश नव्या नावाच्या फाइलवर काम करू लागते आणि आपल्याला ते कळतही नाही. महिन्याच्या प्रती दोन वर्षे ठेवाव्यात आणि ३१ मार्चची प्रत कधीही पुसू नये. ही फाइल दाबून साठवलेली असते. माझी नऊ वर्षांची फाइल तीन एमबीच्या आत आहे, त्यामुळे जागेची काटकसर करण्याचे कारण नाही. प्रती बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्याव्यात आणि काम झाले की डिस्क काढून ठेवावी, कारण फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर व्हायरस जोडलेली डिस्कही सोडत नाही. विंडोजमधील रोबोकॉपी या फाइलींच्या प्रती करणाऱ्या आज्ञेने हे काम आपोआप करणार असाल, तर मिरर पर्याय टाळावा. मूळ जागी जे नाही ते तो पर्याय दुसऱ्या जागेवरूनही पुसतो.

उत्तर २ : अंबाझरीजवळची

वरील पद्धत उत्तम आहे, पण ती डिस्क कुठे ठेवायची हा मुद्दा मला स्वतःच्या अनुभवावरून ठासून मांडावासा वाटतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. आमचे घर तळमजल्यावर आहे. संगणक टेबलाखाली होता आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. दोन्ही एकाच वेळी गेले. अमरावतीला बहिणीकडे ठेवलेल्या पेनड्राइव्हवर ३१ मार्चची प्रत होती, म्हणून सहाच महिन्यांचा हिशेब बँकेच्या उताऱ्यांवरून पुन्हा लिहावा लागला. तेव्हापासून दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती प्रत बदलते.

घराबाहेर प्रत पाठवताना एक काळजी घ्यावी. ग्नूकॅशच्या फाइलला पासवर्ड नसतो, ती ज्याच्या हाती पडेल तो ती उघडू शकतो. मी सेव्हन-झिप या फाइली दाबून साठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एईएस-२५६ कूटबद्धता वापरते, म्हणजे पासवर्डशिवाय फाइल वाचता येत नाही. पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे आणि यजमानांनाही तो माहीत आहे. पासवर्ड माझ्या एकटीच्याच स्मरणात राहिला असता, तर माझ्या पश्चात घरच्यांना त्या प्रतीचा काहीही उपयोग झाला नसता.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. व्यवहाराला जोडलेल्या पावत्यांच्या पीडीएफ हिशेबाच्या फाइलमध्ये जात नाहीत, तिथे फक्त त्यांचा पत्ता राहतो. पावत्यांचे फोल्डर बॅकअपमध्ये वेगळे घ्यावे लागते. स्वतः तयार केलेले अहवालही विंडोजमध्ये ॲपडेटा या वेगळ्या फोल्डरच्या आत, ग्नूकॅशच्या फोल्डरमध्ये असतात.

उत्तर ३ : वाचक

हिशेब नेहमीच्या फाइलऐवजी एसक्यूलाइट या डेटाबेस स्वरूपात ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की तिथे प्रत्येक नोंद तत्काळ जतन होते आणि तारखेच्या प्रती तयार होत नाहीत. त्यामुळे वरील महिन्याची प्रत त्यांच्यासाठी अनिवार्यच आहे.

त्रिमूर्तीनगरकर

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे जूनअखेरची प्रत केली आणि ती भावाच्या लॅपटॉपवर उघडून पाहिली. फाइल उघडली, परंतु तिच्यात १४ मेनंतरची एकही नोंद नव्हती. माझ्या संगणकावर मात्र सर्व नोंदी दिसत आहेत. हे कसे झाले असावे?

जमेची बाजू

आपल्या ग्नूकॅशच्या खिडकीच्या माथ्यावर फाइलचे कोणते नाव दिसते ते पाहा. वीज गेल्यानंतर आपण तारखेची प्रत उघडली होती. ग्नूकॅश शेवटी उघडलेली फाइलच पुढच्या वेळी उघडते. आपण बहुधा तेव्हापासून त्याच प्रतीत लिहीत आहात आणि बॅकअप मात्र जुन्या नावाच्या, स्थिर राहिलेल्या फाइलचा घेतला आहे. सध्या उघडी असलेली फाइल ‘या नावाने जतन करा’ वापरून नव्या फोल्डरमध्ये साध्या नावाने ठेवावी. या एका प्रसंगी तो पर्याय योग्य आहे. जुने फोल्डर जसेच्या तसे राहू द्यावे, त्यातील काहीही आत्ताच पुसू नये.

त्रिमूर्तीनगरकर

आपला तर्क बरोबर निघाला, माथ्यावर १४ मेच्या तारखेचेच नाव होते. नव्या फोल्डरमध्ये फाइल जतन करून तिची प्रत पुन्हा भावाच्या लॅपटॉपवर उघडली. बचत खाते, पीपीएफ आणि आईचे निवृत्तिवेतन खाते यांची ३० जूनची शिल्लक पासबुकांशी पैशापर्यंत जुळली. पावत्या मात्र तिथे उघडल्या नाहीत, म्हणून ते फोल्डरही आता डिस्कवर घेतले आहे. दुसरी डिस्क या रविवारी वर्ध्याला मामांकडे ठेवायला नेत आहे.