अनुभव धागा : कसोटीची टोपी मिळाली, पण तेवढा दर्जा होता का?

एखाद्या मोठ्या खेळाडूचा सूर हरपला म्हणून तो कमअस्सल ठरत नाही, त्यामुळे अशा नावांची उजळणी येथे अपेक्षित नाही. संघ जाहीर झाला त्याच दिवशी ज्याचे नाव वाचून ‘हा कसोटी खेळणार?’ असा प्रश्न जाणत्या प्रेक्षकालाही पडला, अशा खेळाडूंविषयी लिहावे. तुम्ही त्याला मैदानावर पाहिले असेल, त्याच्यासारखीच गोलंदाजी स्वतः केली असेल किंवा कोणत्याही पातळीवर निवड समितीत बसला असाल, तर तो अनुभव सविस्तर सांगावा. नुसती टिंगल मात्र नको. निवड कशामुळे झाली असावी, हेही मांडावे. प्रत्येक अनुभवाच्या वर लिहिणाऱ्याचे शहर दिले आहे.

नागपूर

नोव्हेंबर २००८ मध्ये जामठ्याच्या नव्याकोऱ्या मैदानावरची पहिली कसोटी मी तिकीट काढून पाहिली. ऑस्ट्रेलियाने जेसन क्रेझा या ऑफस्पिनरला पदार्पणाची संधी दिली होती. हैदराबादच्या सराव सामन्यात १९९ धावा मोजूनही त्याला एकही बळी मिळाला नव्हता आणि मालिकेतले पहिले तिन्ही सामने तो बाहेर बसला होता. त्यामुळे आमच्या रांगेतले सगळेच ‘आज सेहवागची चंगळ आहे’ असे म्हणत होते. तशी ती झालीही. क्रेझा चेंडू फलंदाजाच्या नजरेच्या वर चढवत असे. त्या मोहाने फलंदाज पुढे सरसावे, एक-दोन चेंडू सीमेपार जात आणि पुढचा मात्र अपेक्षेपेक्षा आखूड पडून झपकन आत वळे. सेहवाग त्रिफळाचित झाला, द्रविड शून्यावर परतला. डाव संपला तेव्हा क्रेझाच्या नावावर ४३.५ षटकांत २१५ धावा आणि ८ बळी लागले होते, आणि या आकड्यांना हसावे की टाळ्या वाजवाव्यात, हे कोणालाच उमगेना. दुसऱ्या डावात त्याने आणखी ४ बळी घेतले आणि सौरव गांगुलीच्या कसोटी कारकिर्दीतला शेवटचा डाव पहिल्याच चेंडूवर, स्वतःच झेल टिपून, संपवला. सामन्यात ३५८ धावांत १२ बळी! तरीही भारत १७२ धावांनी जिंकला.

त्यानंतर पर्थला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २०४ धावांत १ बळी मिळाला आणि क्रेझाची कसोटी कारकीर्द तेथेच आटोपली. माझ्या मते तो कसोटीच्या दर्जाचा नव्हता, कारण धावा रोखण्याची कला त्याच्याकडे मुळीच नव्हती. पण पदार्पणात ८ बळी घेणाऱ्या माणसाला पुढच्याच सामन्यानंतर घरी पाठवणाऱ्यांना त्याच्याकडून नेमके काय हवे होते, हे मला अजूनही कळलेले नाही.

मेलबर्न

वरच्या अनुभवाला येथून पुरवणी जोडतो. २००८ च्या भारत दौऱ्यासाठी आमच्या व्हिक्टोरियाचा लेगस्पिनर ब्राइस मॅकगेनही निवडला गेला होता. खांदा दुखावल्याने तो परतला, म्हणून क्रेझाचा नंबर लागला. बँकेत संगणक विभागात नोकरी केलेला हा गृहस्थ वयाच्या ३६ व्या वर्षी, मार्च २००९ मध्ये केप टाऊनला कसोटी खेळला आणि १८ षटकांत १४९ धावा देऊन बळीविना परतला. मी येथे हौशी क्लबातून लेगस्पिन टाकतो. टप्पा हातातून सुटला की काय होते, ते मला ठाऊक आहे: आखूड पडला म्हणून पुढचा चेंडू पुढे टाकावा, तर तो फुलटॉस पडतो, आणि मग बोटांना चेंडूच्या शिवणीवरदेखील भरवसा उरत नाही. त्या रात्री दूरचित्रवाणीवर मॅकगेनची बोटे पाहताना मला नेमके तेच दिसत होते.

लेगस्पिनर शेन वॉर्न २००७ मध्ये आणि स्टुअर्ट मॅकगिल २००८ मध्ये निवृत्त झाल्यावर निवड समितीने कॅसन, व्हाइट, क्रेझा, मॅकगेन, हॉरिट्झ, डोहर्टी, बीअर असे एकामागून एक फिरकीपटू तपासून पाहिले. स्टीव्ह स्मिथही २०१० मध्ये लॉर्ड्सवर आठव्या क्रमांकावर खेळणारा लेगस्पिनर म्हणूनच संघात आला होता. हीच धरसोड वृत्ती शेवटी अॅडलेडच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांमधल्या नेथन लायनपर्यंत जाऊन पोहोचली, आणि त्याने पाचशेहून अधिक बळी घेतले. त्यामुळे या समितीला मूर्ख म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

पुणे

विद्यापीठांच्या आंतरविभागीय स्पर्धेसाठी पश्चिम विभागाच्या संघात माझी निवड झाली, तेव्हा त्या स्पर्धेच्या करंडकाला विझींचे नाव असल्याचे समजले. विझी कोण, असे प्रशिक्षकांना विचारले असता ‘भारताचे कर्णधार होते’ एवढेच उत्तर मिळाले. पुढे जुने धावफलक चाळले तेव्हा खरा प्रकार लक्षात आला. विजयनगरमच्या या महाराजकुमारांनी १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात तीन कसोटी खेळून ३३ धावा केल्या, सरासरी ८.२५. गोलंदाजी शून्य. विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी मँचेस्टरला २०३ धावांची सलामी दिली, त्या संघाचे नेतृत्व हे गृहस्थ करत होते आणि भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू त्यांच्या हाताखाली खेळत होते! लाला अमरनाथ यांना तर बेशिस्तीचा ठपका ठेवून पहिल्या कसोटीआधीच बोटीने परत धाडण्यात आले. त्याच दौऱ्यात विझींना ‘सर’ हा किताबही मिळाला.

येथे वशिला होता की पैसा, या वादात अर्थ नाही, कारण त्या काळी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. हॉब्स आणि सटक्लिफ या इंग्लंडच्या नामवंत फलंदाजांना स्वखर्चाने भारतात आणून खेळवणाऱ्या माणसाला क्रिकेट मंडळ नाही कसे म्हणणार? नंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ब्यूमॉंट यांच्या समितीने विझींना क्षेत्ररचना आणि गोलंदाजीतले बदल समजत नसल्याचा स्पष्ट निष्कर्ष काढला. मला जास्त बोचते ती तुलना पोरबंदरच्या महाराजांशी होते. १९३२ च्या दौऱ्याचे कर्णधारपद त्यांच्याकडेही संस्थानामुळेच आले होते. पण स्वतःची कुवत ओळखून त्यांनी लॉर्ड्सच्या कसोटीत नायडूंकडे सूत्रे दिली आणि आपण बाहेर बसले. करंडकाला मात्र नाव विझींचे आहे.

मुंबई

अशी चर्चा निघाली की कोणीतरी मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांचे नाव घेणारच, म्हणून आधीच लिहितो. मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगमध्ये ओल्या खेळपट्टीवर मी त्यांना खेळलो आहे. खेळलो म्हणजे बॅट पुढे करून उभा राहिलो, इतकेच. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही त्यांना एकही कसोटी मिळाली नाही, हे दुःखद आहेच. पण त्यांची जागा त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकीपटू बिशनसिंग बेदी यांनी अडवली होती, कोणा ऐऱ्यागैऱ्याने नव्हे. त्यामुळे हे उदाहरण या धाग्यात बसत नाही.

छत्रपती संभाजीनगर

आमच्या शहराचा इक्बाल सिद्दीकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध एकमेव कसोटी खेळला आणि त्याला एक बळी मिळाला. ‘यापेक्षा चांगला कोणी नव्हता का?’ असे तेव्हा पुष्कळ जणांनी विचारले, म्हणून त्याचे नाव येथे येणार याची मला खात्री आहे. महाराष्ट्राच्या निर्जीव खेळपट्ट्यांवर वर्षानुवर्षे धावत येणाऱ्या या मध्यमगती गोलंदाजाला मी लहानपणी दोरीला टेकून पाहिले आहे. त्याची धाव लांबलचक होती, पण चेंडूला तेवढा वेग नव्हता, हे मान्य करायला हवे. मात्र त्या सामन्यात पहिल्या डावात त्याने २४ धावा केल्या, आणि विजयासाठी जेमतेम ५ धावा उरल्या तेव्हा संघाने गमतीने त्यालाच सलामीला धाडले. त्या पाचही धावा त्यानेच काढल्या. त्याच कसोटीत टिनू योहानन आणि संजय बांगर यांचेही पदार्पण झाले होते. एका सामन्यात तीन नवे चेहरे खेळवावे लागतात, तेव्हा प्रश्न त्या तिघांच्या दर्जाचा उरत नाही.

कोल्हापूर

एका जिल्हा संघटनेच्या निवड समितीवर मी काम केले आहे. पहिली दहा-अकरा नावे चहा येईपर्यंत ठरत. उरलेल्या चार नावांवर संध्याकाळ जाई. प्रत्येक सदस्य आपापल्या तालुक्याचा एक मुलगा घेऊन बसलेला असे, आणि ‘तुमचा यष्टिरक्षक घ्या, आमचा डावखुरा घ्या’ अशी देवाणघेवाण होई. राष्ट्रीय समितीतही कित्येक वर्षे पाच विभागांचे पाच सदस्य असत, त्यामुळे तेथे फार निराळे काही घडत असेल असे मला वाटत नाही. गंमत अशी की दुखापती झाल्या की मैदानात उतरतो तो नेमका हा पंधरावा मुलगा.

याचे टोकाचे उदाहरण १९५८-५९ चे आहे. वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाच कसोटींत भारताने चार कर्णधार वापरले. मद्रासच्या कसोटीच्या आदल्या रात्री संघनिवडीवरून मंडळाच्या अध्यक्षांशी वाद झाल्याने पॉली उम्रीगर यांनी कर्णधारपद सोडले आणि विनू मांकड यांना ते घ्यावे लागले. त्या गोंधळात सेनादलाचे अपूर्व सेनगुप्ता कसोटी खेळले, त्यांनी १ आणि ८ धावा केल्या आणि पुन्हा कधी त्यांना बोलावणे आले नाही. दुसरीकडे, आमचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या होत्या. त्यांचे नाव कसोटीच्या कोणत्याही धावफलकावर सापडत नाही.