हाफ मॅरेथॉनमध्ये १७ व्या किलोमीटरला पोटरीत गोळा, आता फेब्रुवारीत पुन्हा २१ किमी करू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वय ४४, नागपूर, बसून काम. दीड वर्षापासून धावून राहिलो, आठवड्यात तीनदा, सकाळी फुटाळ्याला नाहीतर वॉकर स्ट्रीटवर. तीन वेळा १० किमीची रेस केली, काही त्रास नाही. मागच्या रविवारी पहिल्यांदा २१ धावलो आणि पार फजिती झाली.

ठरवलं होतं की अडीच तासवाल्या पेसरच्या (ठरलेल्या वेळेत रेस संपवायला झेंडा घेऊन एकसारखा धावणारा) मागं राहायचं, म्हणजे किलोमीटरला साधारण ७ मिनिटं. पण डिसेंबरची थंडी, अंधार, स्पीकरवर ढोलताशा, आजूबाजूला पोट्टे उसळून राहिलेले, माझेही पाय आपोआप सुटले. पाच किमीला घड्याळ पाह्यलं तर ३०:५०! सव्वादोनवाल्याचा झेंडासुद्धा माझ्या मागं. तिथंच शहाणपण यायला पाहिजे होतं पण मला वाटलं आज आपला दिवस आहे. १० किमी १:०३ ला. मग सेमिनरी हिल्सचा चढ लागला, तो सव्वादोनवाला आरामात गप्पा मारत पुढं निघून गेला आणि माझा दम तिथंच अर्धा झाला.

१७ ची पाटी गेली आणि उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी डिव्हायडर धरून उभा. एका व्हॉलंटियर पोराने बूट धरून पंजा वर दाबला, दोन मिनिटांत सुटला. दहा पावलं टाकली की पुन्हा हजर. मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी खाल्ल्या, पाणी प्यालो, काही फरक नाही. अठराच्या आसपास अडीचवाला पेसरपण गेला, "चला दादा, सोबत या" म्हणाला, मी नुसता हात हलवला. उरलेलं लंगडत लंगडत, चिप टाईम (बिल्ल्यातल्या चिपनं मोजलेला माझा वेळ) २ तास ४६ मिनिटं. मेडल घेताना पोरगी म्हणते बाबा तुम्ही रडले का. घाम होता तो.

आता आठ दिवस झाले. चालताना काही नाही, पण जिना उतरताना पोटरीत एकाच जागी खुपते. अजून धावलो नाही.

आधीच सांगून टाकतो नाहीतर तुम्ही विचारणारच: सरावातली सगळ्यात मोठी लाँग रन (लांब धाव) १४ किमीची, तीही एकदाच. आदल्या रात्री लग्न होतं, तिथं सावजी रस्सा झाला (हो, माहीत आहे). सकाळी फक्त चहा. सोबत अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओआरएसचं अख्खं पाकीट.

तर हा गोळा मिठाच्या कमतरतेनं आला की पेसनं? ऑफिसमधले म्हणतात मीठ, बायको म्हणते सावजी. आणि फेब्रुवारीत अजून एक २१ आहे, पैसे भरून टाकले आहेत. करू का १० मध्ये बदलून घेऊ?

प्रतिसाद:
भाऊ, सावजीला उगाच बदनाम करू नका, त्यानं फार तर पोट बिघडलं असतं. ज्या स्नायूला १४ च्या वर माहीतच नाही त्याला तुम्ही ठरल्यापेक्षा जोरात १७ पर्यंत नेलं, तो थकून आखडला. पूर्वी सगळं मिठावर ढकलायचे, आता थकवा हे मोठं कारण मानतात. म्हणून तर पंजा ताणला की सुटत होता आणि संत्र्यानं काही झालं नाही. आणि ते पाकीट एक लिटरचं असते ना, अर्ध्या लिटरमध्ये दुप्पट घट्ट होते, मळमळ व्हायची.

प्रतिसाद:
एकाच जागी खुपते म्हणता, म्हणजे स्नायूचे बारीक फायबर ताणले असू शकतात. सूज, गरमपणा, लाली असेल तर धागा बंद करा आणि डॉक्टरकडे जा. नसेल तर एका पायावर उभं राहून टाच वीसदा उचलून पहा, न दुखता जमलं की आधी चालणं-धावणं आलटून पालटून.

मूळ धागाकर्ता:
धन्यवाद. सूज नाही, लाली नाही. आत्ताच किचनच्या ओट्याला धरून करून पाह्यलं, डावा वीस, उजवा अकरालाच खुपला. म्हणजे या आठवड्यात फक्त चालणं. फेब्रुवारीसाठी लाँग रन १८ पर्यंत गेली तरच २१, नाहीतर १० साठी मेल टाकतो. बायकोला मात्र सावजीचा दोष नाही हे सांगितलं नाही अजून, तिचं म्हणणं खोटं ठरलं तर रागानं रविवारचा रस्सा बंद होईल.